शीतल नावाचा बाप्या भेटल्यास पाळावयाच्या सूचना

कुणी तुम्हाला "हे शीतल" अशी ओळख करून दिली आणि समोर मिशीवाला माणूस उभा असला तर आधी त्याच्या मागे बघा. मागे एखादी बाई असेल, असणारच. नसली तर परत त्याच्याकडे बघा आणि म्हणा, "शीतल? पण हे तर मुलींचं नाव ना!" त्याला हे कुणीतरी सांगायलाच हवं हो, चाळिशी आली तरी बिचाऱ्याला कल्पनाच नाही. मग लगेच तुमच्या साडूच्या बहिणीचं, कॉलेजमधल्या मैत्रिणीचं, गेलाबाजार कोपऱ्यावरच्या पार्लरचं नावही शीतलच आहे हे सांगून टाका. तो हसेल. हे हसू तो वेगळं काढून ठेवतो, पाहुण्यांच्या कपबशा ठेवतात तसं.

तो खुलासा करायला लागेल. म्हणजे मी करतो, की बाबा आम्ही जैन, दहावे तीर्थंकर शीतलनाथ, आमच्या सांगली साईडला हे नाव पोरांना सर्रास ठेवतात, गल्लीत एक हाक मारली तर चार शीतल बाहेर येतील आणि चौघांनाही दाढी. हे सगळं शांतपणे ऐकून घ्या, मान हलवा आणि शेवटी म्हणा, "हो, पण तरी." या 'पण तरी'पुढे माझं आजवर काही चाललेलं नाही.

शिक्षक असाल तर तुमची जबाबदारी मोठी. बाबांची बदली पुण्याला झाली, मी पाचवीत, आणि नव्या शाळेत बाईंनी हजेरीत मला शिल्पा आणि शुभांगीच्या मधे बसवला. अक्षरक्रमानं बरोबरच होतं ते, तक्रार कशाची करणार. त्याच वर्षी चित्रकलेत माझा तिसरा नंबर आला. सर्टिफिकेटवर आधीच 'कु.' छापलेलं असायचं, कुमारही तोच आणि कुमारीही तीच, एवढी सोय मराठीनं करून ठेवलीय, पण पुढे 'याने/हिने' असं होतं आणि त्यातलं 'याने' कुणीतरी निळ्या पेनानं, पट्टी लावून, अगदी मन लावून खोडलेलं. बक्षीस म्हणून रिबिनी आणि टिकल्यांचं पाकीट. बाबा शाळेत गेले तर सर म्हणाले, "अहो पण आता लॅमिनेशन झालंय." विषय संपला. टिकल्या आईनं पुढे वर्षभर लावल्या आणि रोज लावताना हसली.

किरण भेटला तर मात्र असलं काही करू नका. किरण चालतो. किरण बेदी १९७२ मध्ये पोलिसात गेल्या, किरण मोरे स्टंपच्या मागे उड्या मारत होते, दोघांनाही कुणी "हे तुमचंच नाव का" विचारलं नाही. शीतलला ही सवलत नाही, का नाही विचारू नका. आणि हे पुण्यात बरं का! नारायण श्रीपाद राजहंस नावाचे गृहस्थ शालू नेसून स्टेजवर आले की पहिल्या रांगेतल्या बायका त्यांच्या साडीचा काठ बघून घ्यायच्या आणि पुढं तसंच नेसायच्या. त्यांच्या नावाचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून जंगली महाराज रोडवर उभं आहे, आपण तिथं अभिमानानं जातो, बाहेर चहा पितो. शालूतले नारायणराव या गावाला झेपले, पँटमधला शीतल काही झेपत नाही.

ऑफिसात ईमेल करताना बिनधास्त 'डिअर मॅम' लिहा. एका दुसऱ्या कंपनीतला माणूस मला तीन महिने मेलवर एक्सेलमध्ये फिल्टर कसा लावायचा ते समजावत होता, स्क्रीनशॉट काढून, त्यावर लाल बाण काढून. मग पहिला व्हिडिओ कॉल झाला, मी कॅमेरा लावला, आणि त्या दिवसापासून "सर तुम्हाला तर माहितीच असेल" सुरू झालं. एक्सेल मला आदल्या दिवशी जेवढं येत होतं तेवढंच येत होतं. रात्रीचे मेसेज वेगळेच. कुठल्या ग्रुपवरून नंबर घेतात देव जाणे, साडेअकराला "हाय डिअर, जेवलीस का?" मी लिहिलं, "जेवलो." एका 'लो'वर माणूस गायब, डीपीसकट.

मित्र असाल तर सरकारी योजनांवर लक्ष ठेवा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तर त्याच संध्याकाळी मला सात जणांनी अभिनंदन कळवलं. २०२४ मध्ये लाडकी बहीण आली, महिना १५०० रुपये, तेव्हा एकानं फॉर्मच पाठवला. पुढे त्या योजनेत हजारो पुरुषांनीही हप्ते उचलल्याचं उघड झालं आणि सगळ्यांना वाटलं त्यात मी असणार. नव्हतो ओ. पण इतकी वर्षं मॅडम ऐकून घेतल्याचा मोबदला म्हणून खरं तर पहिला हक्क माझा होता.

लग्न जमलं ते किरणशी. हो, मुलगी. पत्रिका छापणाऱ्यानं दोनदा फोन करून विचारलं "नावं उलटी झालीत का", मी दोन्ही वेळा नाही म्हणालो, आणि प्रूफ आलं त्यात त्यानं आपल्या मनानंच दुरुस्त करून चि. किरण आणि चि. सौ. कां. शीतल केलेलं. वर म्हणतो, "मी केलं बरोबर, टेन्शन नका घेऊ."

आता आम्ही टेन्शन घेत नाही. बँकेचा फोन आला की "किरण सर आहेत का?" मी म्हणतो बोलतोय, आणि क्रेडिट कार्ड नको म्हणून सांगतो. कुरिअरवाला दारात येऊन "शीतल मॅडम?" म्हणाला की किरण ओला हात गाऊनला पुसत जाते आणि माझा ओटीपी सांगते. पूर्वी मी जायचो तर तो म्हणायचा मॅडमनाच पाठवा. तेव्हा तुम्ही घरी आलात तर बेल वाजवा आणि दार बाईनं उघडलं तर सरळ शीतल म्हणून हाक मारा. ओ देईल ती.