हैतीच्या हिशेबातलं गाळलेलं पान

"एकच बेट, दोन देश. पाऊस तोच, माती तीच. पूर्वेचा डॉमिनिकन रिपब्लिक सुखात, पश्चिमेचा हैती भिकेला. कारण १८०४ मध्ये त्यांनी गोऱ्यांना मारून हाकललं आणि पुढे देश चालवता आला नाही." हा मजकूर सध्या हातोहात फिरतोय.

"गोरे होते तेव्हा भरभराट होती." कॅरिबियन समुद्रातला हैती तेव्हा फ्रान्सची वसाहत. भरभराट होती, पण कोणाची? फ्रान्सच्या बोर्दो-नांत बंदरांतल्या व्यापाऱ्यांची आणि मळेवाल्यांची. साखर-कॉफीच्या मळ्यांवर १७८९ च्या सुमारास साडेचार-पाच लाख गुलाम राबत होते. ते इतक्या वेगाने मरत की दरवर्षी आफ्रिकेतून नवी माणसं जहाजं भरून आणावी लागत.

१८०४ चं हत्याकांड मात्र खरं आहे. गुलामांच्या बंडाचा पुढारी आणि स्वतंत्र हैतीचा पहिला राज्यकर्ता देसालीन याच्या हुकमाने झालं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. फक्त दोनच वर्षं आधी नेपोलियनचं सैन्य तिथे गुलामगिरी परत लादायला उतरलं होतं, हेही सांगा की.

आता "स्वतःच्या कर्माने बुडाले" हा मुद्दा. १८२५ मध्ये फ्रान्सच्या युद्धनौका बंदराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. मागणी अशी: मळेवाल्यांचं नुकसान झालं, भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँक द्या, तर तुमचं स्वातंत्र्य मान्य करू. या नुकसानीत गुलामही धरलेले! म्हणजे सुटलेल्या माणसाने स्वतःचीच किंमत जुन्या धन्याला मोजायची. पहिला हप्ता ३ कोटींचा. तेवढा पैसा नव्हताच, म्हणून फ्रेंच पेढ्यांकडूनच कर्ज काढलं. हातात पडले २ कोटी ४० लाख. बाकीचे देतानाच कापलेले. आपल्याकडच्या सावकारीच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, तरी एक कर्ज फेडायला दुसरं, असं करत शेवटचा निकाल लागला १९४७ मध्ये. कॉफीवरच्या जकातीतून शाळा-रस्ते व्हायचे, तो पैसा पॅरिसला गेला. मधल्या काळात, डिसेंबर १९१४ मध्ये, अमेरिकेच्या नौसैनिकांनी हैतीच्या बँकेतलं ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं. मग १९१५ ते १९३४ देशच ताब्यात ठेवला.

"पाऊस तोच" हेही चूक. पावसाचे वारे ईशान्येकडून येतात, डोंगर त्यांना अडवतात, त्यामुळे पूर्वेला पाऊस जास्त. आपल्या घाटमाथ्याअलीकडे-पलीकडे असतं तसंच. शिवाय १९६० च्या सुमारास दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं. म्हणजे आज दिसते ती दरी मुख्यतः त्यानंतरची. तिथे हैतीचे हुकूमशहा द्युवालिए बापलेक (१९५७ ते १९८६) यांना सोडायचं नाही. लूट घरच्यांनीही केली.

पण १९९५ मध्ये तांदळावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवरून ३ वर आणायला लावलं ते बाहेरच्यांनी. अमेरिकेचा अनुदानावर पिकलेला स्वस्त तांदूळ आला आणि तिथला भातशेतकरी देशोधडीला लागला. १९९५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये तिथल्या सिनेटच्या समितीपुढे चूक कबूल केली: फायदा आर्कान्सातल्या काही शेतकऱ्यांना झाला असेल, हैतीची मात्र स्वतःपुरतं भात पिकवायची ताकद गेली. आर्कान्सा हे त्यांचंच राज्य.