हेल्मेटखालची इस्त्री

रविवारी हत्तरसंग कुडलहून परत येताना पप्यानं हेल्मेट कोपरात अडकवलं, ते मंद्रूप येईपर्यंत डोक्यावर घेतलंच नाही. मी त्याच्या मागंच होतो. तीनदा हॉर्न दिला, हातानं खूण केली. त्यानं मला अंगठा दाखवला. म्हणून सोमवारी संध्याकाळी सोलापुरात, सात रस्त्याच्या कट्ट्यावर मामांचा चहा यायच्या आत मी तो विषय काढला, आणि मुद्दाम काढला.

"केस बसतात बे," पप्या म्हणाला. "सकाळी अर्धा तास घालवून सेट केलो. कुडलला उतरलो तर ही अवस्था." त्यानं मोबाईल पुढं केला. फोटोत पुढचे केस कपाळाला चिकटलेले, मागं कोंबड्याच्या शेपटीसारखा तुरा, आणि दोन्ही कानांवर हेल्मेटच्या आतल्या गादीचा वळ.

"मग?" रेखानं विचारलं.

"मग काय, नदीवर जाऊन पाणी मारलो, जेल लावलो, परत सेट केलो. त्याच्यावर पुन्हा हेल्मेट घालू? मंद्रूपला चहाला थांबायचं ठरलंच होतं की. तिथं आमच्या सासरची माणसं असतात."

"म्हणजे सासरच्या माणसांसाठी," अण्णा सावकाश म्हणाला, "ह्यो जावई डोकं उघडं टाकून आला."

रेखा आमच्या दहावीच्या वर्गातली. मोहोळकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. स्कूटीवर रोजचं जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर. रस्त्यावर तिच्या डोक्यावर हेल्मेट नाही असं मी कधी पाहिलं नाही, आणि वर्गात ती विस्कटलेल्या केसांनी उभी आहे असंही कुणी पाहिलं नसेल. या विषयात मी तिच्या बाजूचा आहे, ते लपवत नाही.

"पप्या, चहाचा थांबा दहा मिनिटांचा, रस्ता तासाभराचा," ती म्हणाली. "दहा मिनिटांच्या केसांसाठी तू तासाभराचं डोकं उघडं ठेवलास. आणि कुडलला गेलास कशाला? शिलालेख वाचलास का तरी?"

"फोटो काढलो की त्याच्यासोबत!"

फोटो काढला होता, हे खरं. आम्ही सगळे संगमेश्वराच्या देवळात मान वर करून अक्षरं लावत होतो. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधलं मराठी. जो वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ आहे त्यात, आपल्या जिल्ह्यात, भीमा-सीनेच्या संगमावर. मला तिथं दर वेळी भरून येतं. पप्या त्या वेळी दगडाकडं पाठ करून, मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघून झुलपं वर उचलत होता.

"वाचेल तो विजयी, असं लिहिलंय तिथं," रेखा म्हणाली. "विंचरेल तो, असं नाही."

मामांनी चहा ओतता ओतता किटली खाली ठेवली, एवढे हसले.

पप्या पेटला. "तुम्हा बायकांना काय जातंय! स्कार्फ बांधला की झालं. आम्हाला उतरल्या उतरल्या लोक बघतात."

हे त्यानं बोलायला नको होतं. रेखानं ग्लास कट्ट्यावर ठेवला. "नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अंबाडा घालून जायची. अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही, पुढून कपाळावर उचलतं. मग क्लचर लावून बघितला. एका खड्ड्यात गाडी आदळली आणि त्याचे दात मागून टोचले, तेव्हा कळलं की पडले असते तर तो डोक्यात गेला असता. तेव्हापासून मानेजवळ सैल वेणी, वर पातळ सॅटिनचा स्कार्फ, त्याच्यावर हेल्मेट. गजरा डबीत. शाळेच्या गेटवर उतरले की तो माळायचा. हे शिकायला मला सहा महिने लागले, आणि त्या सहा महिन्यांत एक दिवस मी हेल्मेट कोपरात घातलं नाही."

कुणी काही बोललं नाही. बायकांच्या केसांचा विचार करून हेल्मेट घडवलेलं दिसत नाही, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. घरी बायको मागं बसते, तिचा अंबाडा मी इतकी वर्षं बघतोय. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये तसं स्पष्ट आहे, पण तिला ते नीट बसतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं.

अण्णानं विषय हातात घेतला. अण्णा एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात आहे. घरात तेलुगू, कट्ट्यावर सोलापुरी, आणि कापडाचं बोलायला लागला की दोन्ही.

"पप्या, सुती शर्टाला इस्त्री करताना आधी पाणी का शिंपडतात बे?"

"सुरकुती निघावी म्हणून."

"आणि दमट शर्ट तसाच चुरगळून ठेवलास तर?"

"मग सुरकुती बसते."

"केसाचं तेच हाय. घाम म्हणजे पाणी, उन्हानं आत तापतंय ती ऊब, आणि वरनं हेल्मेटचं वजन. तू गाडी चालवालास म्हणजे डोक्याला इस्त्री करालास."

"अण्णा, माझा अख्खा तास वाचवलास," रेखा म्हणाली. तिचं म्हणणं असं: केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. केराटिनला आकारात धरणारे हायड्रोजनचे बंध ओल लागली की सुटतात, आणि वाळताना केस ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. म्हणून हेल्मेटखाली चपटे होऊन वाळलेले केस नुसत्या कंगव्यानं उठत नाहीत. घडी मोडायला पुन्हा ओल द्यावी लागते.

"आता सांग, रविवारी सकाळी केस वाळवून निघालेलास का?"

पप्या गप्प. तो साडेसहाला अंघोळ करून, ओल्या केसांना जेल चोपडून, त्यावर हेल्मेट दाबून निघाला होता. सगळ्यांनी पाहिलेलं.

"कॉलेजात पँटला घडी पडावी म्हणून आपण ती गादीखाली ठेवायचो, आठवतंय?" मी म्हणालो. "तसे तू कुडलपर्यंत केस गादीखाली ठेवलेस."

आता खरा उपयोगाचा भाग, आणि तो रेखानं ज्या आस्थेनं सांगितला त्या आस्थेनं इथं लिहितो, कारण उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर जाणाऱ्या गावात हे रोजचं आहे. निघताना केस पूर्ण कोरडे हवेत. तेल लावायचं तर रात्री, सकाळी धुऊन टाकायचं. जेल लावायचं नाही, घामानं ते विरघळतं आणि चपट्या केसांवरच परत घट्ट होतं. हेल्मेट घालायच्या आधी भांग नेहमीच्या उलट्या बाजूला वळवायचा, म्हणजे उतरल्यावर केस आपल्या बाजूला आणले की मुळातून उभे राहतात. आत पातळ सुती टोपी. थांबलो की लगेच कंगवा काढायचा नाही. तळहात ओले करायचे, बोटं केसांच्या मुळाशी फिरवायची, टोकांना पाणी नको. मान खाली घालून केस झटकायचे आणि दोन मिनिटं वारा लागू द्यायचा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत तेवढं पुरतं. पावसाळ्यात जरा जास्त वेळ.

"टोपी कशाला? मी रुमाल बांधतो की," पप्या.

"गाठ मागं मारतोस ना?" अण्णा म्हणाला. "गाठीनं हेल्मेट पुढं सरकतंय. टोपी घे. आणि घाम पुसायला नॅपकिन ठेव, पण नवा ठेवू नको. नवा टॉवेल पाणी पीत न्हाई, दोन धुण्यानंतर प्यायला लागतोय. हे सोलापूरच्या माणसाला सांगावं लागतंय म्हणजे कमाल हाय."

आणि इथं अण्णाची जुनी जखम उघडली. तीन वर्षांपूर्वी नवरात्रात तुळजापूरला जायला पप्यानं त्याचं हेल्मेट नेलं होतं.

"दसरा झाल्यावर आणून दिलास. आत जेलचा थर. गादी काढून शाम्पूच्या कोमट पाण्यात दोनदा बुडवलो, सावलीत वाळवलो, तरी तुझा वास गेला न्हाई. बायको म्हणाली, घरात कोण आलंय?"

"तू माझा शेंगाचटणीचा डबा परत दिलास का?" पप्यानं उलट विचारलं. मग दहा मिनिटं तो डबा, त्याचं झाकण आणि चटणी कुणी संपवली, हे चाललं. (दत्तानं संपवली होती. मी साक्षीला होतो, पण बोललो नाही.)

दत्ता इतका वेळ टोपी सारखी करत बसला होता. "तुमचं ठीक हाय," तो म्हणाला. "माझे तर हेल्मेटनंच गेले. पंधरा वर्षं घातलो, हे बघा."

"दत्ता," रेखा मऊ आवाजात म्हणाली, "तुझ्या वडिलांनी जन्मभर सायकल चालवली. त्यांनी कुठलं हेल्मेट घातलेलं?"

दत्ताच्या वडिलांचं डोकं आम्हा सगळ्यांना माहीत आहे. पुरुषांचं टक्कल घराण्यातनं आणि हार्मोनमुळं येतं. घट्ट हेल्मेट ओढून घातलं-काढलं तर केस तुटतील, पण त्यानं माथा उघडा पडत नाही. एवढं सांगून ती थांबली. दत्ताला बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

मग मी माझं बोललो. हिप्परग्याच्या तलावाजवळ मी पडलो होतो, ते सगळ्यांना माहीत आहे, पण हेल्मेटचं कुणाला सांगितलं नव्हतं. कुत्रं आडवं आलं, गाडी फार वेगात नव्हती. डोक्याची उजवी बाजू रस्त्यावर घासत गेली, आणि तो आवाज आत, कानाशी, अजून येतो. दवाखान्यात टाके पडले ते गुडघ्याला. ते हेल्मेट वरून धड दिसत होतं, पण एकदा दणका खाल्ला की आतला थर्माकोल दबतो, पुन्हा तो मार झेलत नाही. म्हणून कापून टाकलं, दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. "त्याच्या आतली टोपी मात्र अजून हाय माझ्याकडं," मी म्हणालो. "पप्या, रविवारी तुझ्या मागं मला तोच आवाज ऐकू येत होता."

पप्यानं मान खाली घातली. खरंच घातली, आणि त्याचं त्याला लागलं, हे मी पाहिलं.

"मान खाली घातलाच आहेस तर तशीच ठेव," रेखा म्हणाली. "मामा, जरा पाणी द्या."

मामांनी पाण्याच्या जगमधनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. रेखा सांगत गेली, मुळाशी, मुळाशी, टोकाला नको, झटक, थांब. विजापूर रोडकडून गरम वारा येत होता. दोन मिनिटं पप्या भर चौकात वाकून उभा. एका रिक्षावाल्यानं थांबून विचारलं, चक्कर आली का. मग पप्यानं मान वर केली, स्कूटीच्या आरशात बघितलं, डावीकडून, उजवीकडून, आणि त्याचा चेहराच बदलला.

"उठले की बे! जेल न लावता!"

"मग आता घाल हेल्मेट आणि जा घरी. उतरलास की परत उठव," अण्णा म्हणाला.

तेवढ्यात दत्ता जागचा उठला, टोपी काढली, आणि गंभीर चेहऱ्यानं मामांपुढं डोकं वाकवलं. "मामा, इकडं पण जरा."

मामा जग हातात धरून त्या माथ्याकडं बघत राहिले. "पेरलंच न्हाई तिथं पाणी सोडून काय करू बाबा?"

रेखाच्या नाकातून चहा आला. दत्ता स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. या गडबडीत पप्या हेल्मेटचा पट्टा लावून, गाडीला किक मारून गेलासुद्धा, आणि पाच चहांचे पैसे आमच्यावर राहिले.