पॅन्क्रियाटायटिसमध्ये इम्युनिटी वाढवायला सांगणारा तो मेसेज
मामाला अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला अचानक सूज आलीय, अॅडमिट आहे. आणि काल रात्री मामीच्या फोनवर तो सगळीकडे फिरणारा मेसेज आला: स्वादुपिंडाला सूज म्हणजे इम्युनिटी कमी पडली, प्रोबायोटिक (पोटासाठी चांगल्या समजल्या जाणाऱ्या जंतूंच्या कॅप्सूल) चालू करा, अँटिबायोटिक मागून घ्या, आठवडाभर उपाशी ठेवा, ताप आला तर घाबरू नका. सकाळी मामी वॉर्डबाहेर प्रोबायोटिकची डबी हातात धरून उभी. म्हणून लिहितोय.

इम्युनिटी कमी पडली हे सपशेल उलटं आहे. स्वादुपिंडातले पाचक रस आतड्यात पोचल्यावर चालू व्हायचे असतात. पित्ताचा खडा अडकला किंवा दारूने पेशींना मार बसला की ट्रिप्सिन हा त्यातलाच एक पाचक रस आतल्या आतच चालू होतो, पेशी फुटतात, त्यांचा आतला माल बाहेर सांडतो आणि तो बघून पांढऱ्या पेशी धावून येतात, सायटोकाइन नावाची सूज वाढवणारी रसायनं सोडतात, त्यावर आणखी पेशी येतात. सुरुवातीला यात जंतू नसतातच. हे रक्तातून अंगभर पसरलं की रक्तवाहिन्या पाझरायला लागतात, बीपी पडतं, फुफ्फुसं आणि किडनी अडचणीत येतात. पहिल्या आठवड्यात पेशंट दगावतो तो बहुतेक यानेच. मग वाढवायचं काय अजून?

प्रोबायोटिकमागचा विचार अगदीच वेडा नव्हता, एवढं कबूल करतो. आतड्याचं अस्तर कमजोर होऊन तिथले जंतू स्वादुपिंडाच्या मेलेल्या भागात शिरतात हे खरंय. म्हणूनच नेदरलँड्समध्ये गंभीर होण्याची शक्यता असलेल्या जवळपास 300 पेशंटवर प्रोबायोटिकची रीतसर चाचणी झाली, 2008 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. इन्फेक्शन कमी झालं नाही. प्रोबायोटिकवाल्यांत 16 टक्के गेले, दुसऱ्या गटात 6 टक्के. 9 जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, ते सगळे प्रोबायोटिकवाले. आणि हे हॉस्पिटलमध्ये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरच्यांनी गुपचूप कॅप्सूल द्यायची म्हणजे काय खेळ आहे का?

अँटिबायोटिक द्यायचं ते इन्फेक्शन असेल तर, नुसतं खबरदारी म्हणून नाही.

उपाशी ठेवणं पूर्वी डॉक्टरच सांगायचे, त्यामुळे ते लोकांच्या डोक्यात बसलंय. उलट्या थांबेपर्यंत ठीक, पण आता सोसत असेल तर 24 तासांतच तोंडाने द्यायला बघतात, कारण रिकामं ठेवलं की आतड्याचं अस्तर आणखी ढासळतं. किती, कधी, ते डॉक्टर ठरवतील.

आणि तापाला घाबरू नका म्हणे! 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप, मिनिटाला 90 च्या वर नाडी, मिनिटाला 20 च्या वर श्वास, पांढऱ्या पेशी 12000 च्या वर किंवा 4000 च्या खाली, यातली दोन लक्षणं जरी असली तरी सूज अंगभर गेल्याची खूण धरतात. फुफ्फुस, किडनी असा एखादा अवयव 48 तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर केस गंभीर. मामाच्या उशाशी सिस्टर घड्याळ धरून श्वास मोजते, लघवीच्या पिशवीवरचा आकडा तासातासाला लिहून ठेवते. लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर तिला लगेच हाक मारायची, हे मामीला सांगून डबी मी माझ्याकडे घेतली.