बेघरांची सोय केली की बेघर वाढतात, हे खरं नाही

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: उपनगरात मुळात बेघर नसतात. निवाऱ्याची सोय केली की मोठ्या शहरातले लोक तिथे येऊन बसतात. आधी त्यांचं व्यसन सोडवा, घराचं मग बघू. इतक्या संस्था काम करताहेत, मग आणखी समन्वयाचं खूळ कशाला? आणि शेवटी, बेघरपणा कधीच संपत नसतो. मला हा मजकूर ज्यांनी पाठवला ती मनाने चांगली, वेळेला मदत करणारी माणसं आहेत. म्हणूनच सविस्तर लिहावंसं वाटलं. मी स्वतः अमेरिकेतल्या एका उपनगरी भागात काही वर्षं हे काम स्वयंसेवक म्हणून करतो आहे.

"उपनगरात बेघर नसतात." ते दिसत नाहीत, एवढंच खरं. उपनगरात फुटपाथवर सहसा कोणी झोपत नाही. माणसं गाडीत झोपतात, आठवड्याच्या भाड्यावर लॉजमध्ये राहतात, नातेवाइकांच्या सोफ्यावर दिवस काढतात. मोठ्या दुकानाच्या मागच्या पार्किंगमध्ये काचांना आतून टॉवेल लावलेली गाडी मी पहाटे पाहिली आहे. मागच्या सीटवर शाळेचं दप्तर होतं. अमेरिकेत जानेवारीअखेरीस एका रात्रीत बेघरांची मोजणी होते, त्यात सोफ्यावर झोपणारे धरत नाहीत. शाळांसाठीचा कायदा मात्र त्यांना बेघर मानतो, आणि शाळांच्या नोंदीत अशी दहा लाखांहून अधिक मुलं आहेत. उपनगरातली बरीच कुटुंबं या दुसऱ्या नोंदीतच सापडतात.

"सोय केली की बाहेरचे येतात." या मुद्द्यावर सगळा मजकूर उभा आहे, आणि नेमका तोच सर्वांत कच्चा आहे. कॅलिफोर्नियाबद्दल तर सगळ्यांची खात्रीच असते की हवा चांगली म्हणून देशभरचे बेघर तिथे जातात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेने २०२३मध्ये राज्यव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दर दहांपैकी नऊ जणांचं शेवटचं घर कॅलिफोर्नियातच सुटलं होतं, आणि चारांपैकी तिघं तर त्याच काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात) राहत होते. माणूस घर गेल्यावर आपल्या ओळखीच्या भागालाच धरून राहतो. मुलाची शाळा तिथे असते, अर्ध्या दिवसाचं का होईना काम तिथे असतं, उसने पैसे देणारा मित्र तिथे असतो. मी पाहिलेली ये-जा तर उलट दिशेची आहे. उपनगरात बहुतेकदा रात्रीचा पलंग नसतो, म्हणून माणसाच्या हातात बसचं तिकीट देऊन त्याला शहराकडे धाडलं जातं. आणि मग आपणच म्हणतो, बेघर शहरात असतात.

"आधी व्यसन सोडवा." उघड्यावर झोपणाऱ्याने औषधं वेळेवर घ्यावीत, ठरल्या वेळी डॉक्टरांकडे जावं, रात्रभर जागं राहून सामान सांभाळावं आणि शिवाय दारूही सोडावी, ही अपेक्षा कोणी स्वतःवर लावून पाहावी. न्यूयॉर्कमध्ये १९९२मध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी क्रम उलटा केला: आधी घर, मग लागेल ती मदत. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर ही पद्धत तपासली. कोणाला आधी घर आणि कोणाला नेहमीची सेवा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. शेवटच्या सहा महिन्यांत आधी घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के पूर्ण काळ घरात टिकले. इतरांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. व्यसनाच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत फारसा फरक पडला नाही, हेही सांगितलं पाहिजे. घर हे व्यसनावरचं औषध नाही. ते बेघरपणावरचं औषध आहे. वेस्ट व्हर्जिनियात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण अमेरिकेत सर्वाधिक राज्यांपैकी आहे, तरी तिथे बेघर कमी आहेत, कारण तिथली घरं स्वस्त आहेत.

आता समन्वयाचा मुद्दा. याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण समन्वय नसला की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. पन्नाशीतला एक गृहस्थ आमच्याकडे यायचा. एक संस्था त्याला काही रात्री झोपायला जागा द्यायची, दुसरी जेवण द्यायची, एका दवाखान्यातल्या समाजसेविकेने त्याची फाइल केली होती. प्रत्येकाने त्याच्याकडून वेगळा फॉर्म भरून घेतला होता, आणि घरासाठीचा अर्ज दुसऱ्याने केला असेल असं प्रत्येकालाच वाटत होतं. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नव्हता. पहिल्यांदा सगळे एका टेबलाभोवती बसलो तेव्हा कळलं की घोडं जन्मदाखल्यावर अडलंय. त्याचा तंबू हटवताना पिशवी कचऱ्यात गेली होती, तिच्यात ओळखपत्र होतं. ओळखपत्रासाठी जन्मदाखला हवा, आणि तो कोणीच मागवला नव्हता. तो हिवाळा त्याने बाहेर काढला होता. एका दाखल्यापायी.

आता बैठक अशी चालते: ज्यांनी लेखी संमती दिली आहे त्यांची नावं एकेक करून वाचतात. नावापुढे पुढचं काम, ते कोण करणार, कधीपर्यंत. पुढच्या बैठकीत त्याच नावापासून सुरुवात. यात नवा पैसा फारसा लागत नाही, पण चार संस्थांना आपापली यादी कुलपातून बाहेर काढावी लागते, आणि तेच अवघड जातं.

न्यूयॉर्कला लागून असलेल्या, न्यू जर्सीतल्या बर्गन काउंटीत ७० नगरपालिका आहेत, म्हणजे टोलवाटोलवीला भरपूर वाव. २००९मध्ये तिथे निवारा, जेवण आणि घर शोधायला मदत एका छताखाली आणली गेली, पुढे नावानिशी एकच यादी ठेवली गेली. २०१६मध्ये माजी सैनिकांचा आणि २०१७मध्ये दीर्घकाळच्या बेघरांचा प्रश्न तिथे 'कार्यात्मक शून्या'वर आला (म्हणजे काय, ते पुढे सांगतो). ह्यूस्टन आणि भोवतालच्या काउंट्यांनी शंभराहून अधिक संस्था एका व्यवस्थेत आणल्या. २०१२पासून २५,००० हून अधिक लोकांना घरं मिळाली.

"बेघरपणा संपत नसतो." कार्यात्मक शून्य म्हणजे उद्यापासून कोणाचंच घर जाणार नाही असं नव्हे. एखाद्याचं गेलं तर लगेच कळतं, आणि जितके नवे येतात त्याहून जास्त लोकांना घर देण्याची ताकद त्या भागात असते. ही स्थिती टिकवावी लागते. फिनलंडने २००८पासून आकडा बराच खाली आणला, पण २०२४मध्ये तिथेही तो पुन्हा वर गेला. हात सैल सोडला की असं होतं. त्यावरून आधीची वर्षं फुकट गेली असं ठरत नाही.

हा मजकूर पुन्हा आला तर पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: आपल्या भागात बेघरांची नावानिशी यादी आहे का? ती कोणाकडे आहे, शेवटची कधी तपासली? गेल्या महिन्यात त्यात किती नावं वाढली आणि किती जणांच्या हातात किल्ली पडली? मग हेच प्रश्न नगरपालिकेच्या पुढच्या बैठकीत विचारायला त्यांना सोबत घेऊन जा.