खुलासा : ४ किलोमीटरच्या जाळीत प्रत्येक ढग दिसत नाही

‘हवामानाच्या संगणकी मॉडेलची जाळी (म्हणजे हिशेबासाठी पाडलेल्या प्रत्येक चौकटीची रुंदी) ४ किलोमीटरची केली की गडगडाटी वादळातला प्रत्येक ढग पकडता येतो’, हा फिरणारा दावा चुकीचा आहे. एखादी रचना नीट उमटायला साधारण ६-७ चौकटी लागतात; म्हणजे इथे २५ किलोमीटरच्या आसपास. ढगातला वर चढणारा हवेचा झोत त्याहून कितीतरी अरुंद असतो. वाइसमन, स्कॅमरॉक आणि क्लेम्प या हवामान संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं ते एवढंच : मध्य अक्षांशांतल्या वादळरांगेची (ओळीने सरकणाऱ्या गडगडाटी ढगांची) एकूण घडण ४ किलोमीटरवर जमते, पण वादळ उशिरा बांधलं जातं. आणि जाळी कितीही बारीक करा, पडत्या पावसाचं बाष्पीभवन कमी धरलं तर रांगेला पुढे ढकलणारी जमिनीलगतची थंड हवा दुबळी राहते, मग रांग रेंगाळते. आधी मॉडेलमधलं हे बाष्पीभवनच तपासा.