तासाला ४२ वेळा श्वास अडतो आणि लोकांना हसू येते

मी लष्करात हवालदार आहे आणि मला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा आजार आहे. रात्री मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र मी त्यासाठी लावतो. गेल्या मंगळवारी फेरतपासणीच्या वेळी त्या यंत्राचे कार्ड संगणकात घालून पाहिले गेले आणि मान वर न करताच मला सांगण्यात आले, "हवालदार, मशीन आप ठीक से नहीं लगाते." या यंत्रात रोजच्या वापराचे तास आपोआप नोंदले जातात, आणि रात्रीतून किमान ४ तास, तेही शंभरातल्या ७० रात्री, एवढा वापर झाला तरच उपचार नीट चालू आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. माझ्या महिन्याच्या नोंदीत ११ रात्री कोऱ्या होत्या. त्यांपैकी ८ रात्री मी गार्ड ड्यूटीवर होतो, २ रात्री फायरिंगसाठी तंबूत होतो आणि एका रात्री घरी लाईट गेली होती. मी हे सांगायला तोंड उघडले तोच पुढच्या माणसाला हाक गेली.

दोन तास पहारा आणि चार तास आराम हा गार्डचा क्रम कागदावर छान दिसतो. त्या चार तासांत अंगावरचा पट्टा आणि पायांतले बूट तसेच ठेवून पडायचे असते, कारण हाक आली की क्षणात उभे राहावे लागते. तिथे नाकावर मास्क बांधून, नळी जोडून झोपायचे कसे, आणि खाटेजवळ प्लग नसेल तर यंत्र जोडायचे कुठे, हे मला कोणीतरी एकदा समजावून सांगावे. ड्यूटी लावणाऱ्याच्या वहीत माझ्या आजाराची नोंद नाही आणि कार्ड तपासणाऱ्याच्या टेबलावर ती ड्यूटीची वही नाही. दोघेही एकाच गणवेशातले असून माझ्या रात्रीचा हिशेब मात्र मीच चुकवायचा!

हा आजार म्हणजे घोरणे नव्हे, हे १८ वर्षे नोकरी झालेल्या माणसांनाही अजून सांगावे लागते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, श्वास १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागे करतो. तासाला असे ३० किंवा त्याहून अधिक प्रसंग झाले तर आजार तीव्र समजतात. माझे ४२ निघाले. म्हणजे सात तास पडून राहिलो तरी जवळजवळ तीनशे वेळा माझी झोप मोडत होती, आणि पहाटे फॉल-इनला, म्हणजे हजेरीच्या रांगेत, डोके ठणकत उभा राहिलो की लोक म्हणत, हा तर रात्रभर ढाराढूर झोपला होता. वर्गात डोळा लागला म्हणून मला किती वेळा उभे केले गेले, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. रक्तदाब वयाच्या ३८ व्या वर्षी वाढला. सुटीत घरी आलो असताना बायकोने रात्री माझा श्वास थांबलेला पाहिला, हलवून हलवून मला जागे केले आणि दुसऱ्या दिवशी, "अहो, आता काहीही झाले तरी डॉक्टरांकडे चला," असा हट्टच धरला. तिने तो धरला नसता तर आजही माझ्या कपाळावर आळशी हाच शिक्का असता.

"वजन कमी कर" हा सल्ला तर येता-जाता कोणीही देतो. वजनाचा संबंध असतो, हे मला मान्य आहे. पण मी बीपीईटी या लष्करी शारीरिक चाचणीचे ५ किलोमीटर दरवर्षी वेळेत धावत आलो आहे. जबड्याची ठेवण आणि घशाची अरुंद वाट धावून बदलत नाही.

बॅरकमध्ये पहिल्या रात्री मास्क लावला तेव्हा मोबाइल काढून माझा व्हिडिओ केला गेला आणि तो ग्रुपवर फिरला. तेही मी सोडून दिले असते. पण त्याच बॅरकमध्ये एक ड्रायव्हर आहे, त्याचा श्वास रात्री थांबताना मी स्वतः ऐकतो, आणि दिवसा तो माणसांनी भरलेली गाडी चालवतो. मी त्याला तीनदा म्हटले की, बाबा, एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्यात) जा. तो म्हणाला, "दादा, तुमचे काय झाले ते पाहिले ना मी." शेप-वन या पूर्ण तंदुरुस्तीच्या वैद्यकीय श्रेणीतून मी खाली आलो, बढतीच्या वेळी ही कॅटेगरी आडवी आली आणि वर हसू झाले, हे त्याने जवळून पाहिले आहे. उपचार घेणाऱ्याचे नुकसान आणि लपवणाऱ्याचा रेकॉर्ड स्वच्छ, अशी व्यवस्था असेल तर शहाणा माणूस लपवणारच, आणि एखाद्या दिवशी स्टेअरिंगवर त्याचा डोळा लागला तर तेव्हा चौकशी फक्त त्याचीच होईल.

नागपूरला घरी आलो तरी सुटका नाही. कोराडी आणि खापरखेड्याची वीजकेंद्रे हाकेच्या अंतरावर असताना आमच्या गल्लीत मे महिन्यात रात्री दोन वाजता लाईट जाते. कूलर बंद पडतो, यंत्र बंद पडते आणि मास्कमध्ये जीव गुदमरतो. म्हणून मी स्वतःच्या खिशातून बॅटरी घेतली. यंत्रातले पाणी तापवणारा भाग सर्वांत जास्त वीज खातो, तो बंद ठेवला तरच बॅटरी सकाळपर्यंत पुरते. आणि तो बंद ठेवला की नागपूरच्या त्या कोरड्या हवेने पहाटेपर्यंत घसा सोलवटून निघतो.

पुढच्या मेडिकल बोर्डाला मी यंत्राच्या नोंदीची छापील प्रत आणि सहा महिन्यांच्या गार्ड ड्यूटीच्या तारखा एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडून नेणार आहे. ड्यूटीची वही पाहू देण्याचा अर्ज काल दिला. त्यावर सही झालेली नाही, आणि आज रात्री पुन्हा माझे गार्ड आहे.