आज वार कोणता?

यंदा २६ जानेवारी सोमवारी आला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी जे काही घडलं त्यातल्या एवढ्या एकाच गोष्टीवर आमच्या सोसायटीत आजही एकमत आहे.

नेरूळमधली आमची सोसायटी जुनी, चार मजली, ए आणि बी अशा दोन विंगांची. मधल्या पेव्हर ब्लॉकच्या जागेला मुलं ग्राउंड म्हणतात, गाडीवाले पार्किंग म्हणतात आणि कमिटी इतिवृत्तात 'मोकळी जागा' असं लिहिते, म्हणजे कोणीच दुखावत नाही. दर सव्वीस जानेवारीला इथे झेंडावंदन, मग बटाटेवडे आणि चहा, मग ए विरुद्ध बी अशी पोरांची मॅच. पूर्वी ती क्रिकेटची असे. तळमजल्याच्या तीन काचा गेल्यावर कमिटीने रीतसर ठराव करून फुटबॉल आणला. फुटबॉल जमिनीवरून जातो, असा त्या ठरावामागचा अभ्यास होता.

रेफरी म्हणून माझं नाव पुढे आलं, कारण माझ्याकडे शिट्टी आहे. विसर्जनाला स्वयंसेवक म्हणून मिळाली होती, ती परत द्यायची राहिली. बाकी माझा फुटबॉलशी संबंध म्हणजे आमच्या गॅलरीतून डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे दिसतात. शेजारी तबलजी राहतो म्हणून आपल्याला तीनताल येत नाही, हे मी सेक्रेटरींना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "अहो, पोरांची मॅच. शिट्टी मारायची आणि हात वर करायचा. त्यात काय अवघड?"

अवघड काही नव्हतंच. गोल म्हणजे दोन हवाई चपला आणि गोलरेषा म्हणजे झेंड्याखालच्या रांगोळीतून उरलेली पांढरी. दोन-दोन अशी बरोबरी. शेवटची पाच मिनिटं. बी विंगच्या पोराने दणकून लाथ मारली आणि चेंडू, चप्पल आणि रांगोळीचा धुरळा असं तिन्ही एकदमच हवेत गेलं. धुरळा खाली बसला तेव्हा चप्पल गोलच्या आत होती, चेंडू वॉचमनच्या खुर्चीखाली होता आणि रेषा कुठेच नव्हती.

मी शिट्टी मारली, हात वर केला. "गोल!"

इथपर्यंत मी नियमाला धरून होतो, हे नंतर वाचून कळलं. रेफरीला आधी स्वतःचा निर्णय द्यावाच लागतो. 'मला काही दिसलं नाही बुवा, पडद्यावर बघून सांगतो' ही सोय त्याला नाही.

ए विंगचा गोलकीपर, वय वर्षं अकरा, माझ्यासमोर येऊन उभा राहिला. दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी त्याने हवेत एक चौकोन काढला.

"काका, वार!"

"सोमवार," मी म्हटलं.

"तो नाही हो! वार! वार घ्या!"

बाजूला बसलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी सोमवारला दुजोरा दिला. त्यांचा उपास होता, आणि बटाटा चालतो तर बटाटावडा का चालू नये यावर मघापासून त्यांचं चिंतन चाललं होतं.

तेवढ्यात माझा भाचा मदतीला आला. भाचा लिव्हरपूलचा, त्या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबचा. म्हणजे राहतो ठाण्यात, पण आहे लिव्हरपूलचा. त्याने सांगितलं की वार म्हणजे व्हिडिओ असिस्टंट रेफरी. २०१८ मध्ये ते फुटबॉलच्या नियमांत आलं आणि त्याच वर्षी रशियातल्या वर्ल्ड कपला वापरलं. एका खोलीत काही माणसं पडद्यांसमोर बसतात आणि मैदानावरच्या रेफरीची ढळढळीत चूक झाली असेल तर त्याच्या कानात सांगतात. तेही चारच बाबतींत: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि भलत्याच खेळाडूला कार्ड दिलं गेलं तर. "आणि मामा, आपल्या नेरूळला वार येऊन गेलाय. २०२२ ला, सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपला. स्पेन-कोलंबिया फायनल इथेच झाली."

मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं की रिक्षा मिळाली नव्हती. पण ए विंगच्या अध्यक्षांच्या डोळ्यांत चमक आली. "स्टेडियमला चालतं, मग आपल्याला का नको? आपल्याकडे कॅमेरे आहेत की!"

ते खरं होतं. दोन सायकली चोरीला गेल्यावर आम्ही सहा कॅमेरे बसवले होते. त्यातल्या एकात कबुतर राहतं.

बी विंगने अर्थातच विरोध केला, आणि तोही इतिहासाचा आधार घेऊन. त्यांच्यातले एक निवृत्त काका ताडकन उठले. "१९९२! डर्बन! टीव्हीवर बघून बाद दिलेला जगातला पहिला फलंदाज कोण? आपला सचिन! हे यंत्र मराठी माणसाच्या मुळावरच आलेलं आहे." यावर टाळ्या पडल्या. पुढे डीआरएसला, म्हणजे पंचांचा निर्णय पडद्यावर तपासून घ्यायच्या सोयीला, आपल्या क्रिकेट बोर्डाने २०१६ पर्यंत पूर्णपणे जवळ केलं नव्हतं, त्याची मुळं या जखमेत असावीत असं मला त्या क्षणी अगदी पटलं. पण सचिन त्या दिवशी खरोखरच क्रीझच्या बाहेर होता, हे म्हणायची हिंमत दोन्ही विंगांत कोणाची झाली नाही.

आम्ही वॉचमनच्या केबिनकडे निघालो. ही केबिन सहा बाय सहाची. आत वॉचमनदादा, एक टेबल, एक पंखा, पडदा आणि जुन्या पाण्याच्या मोटारीचे अवशेष. त्यात आम्ही सतरा जण शिरलो. वारच्या खोलीत खेळाडू किंवा संघाचा पदाधिकारी घुसला तर त्याला सरळ लाल कार्ड असा नियम आहे. त्या हिशेबाने आमची अख्खी कमिटी तिथल्या तिथे बाद व्हायला हवी होती, आणि सोसायटीचं भलं झालं असतं.

पासवर्ड आधीच्या सेक्रेटरींकडे होता आणि ते पनवेलला लेकीकडे. फोन केला तर म्हणाले, "सोसायटीचाच नोंदणी क्रमांक टाका." तो कोणालाच माहीत नव्हता. शेवटी तो केबिनबाहेरच्या पाटीवर सापडला. मशीनमधलं घड्याळ चाळीस मिनिटं मागे होतं, का पुढे, यावर मत पडेपर्यंत भाचा माऊस हाणत सुटला होता. आम्हाला हवं होतं दहा वाजून पाच मिनिटं. पडद्यावर आलं पहाटेचं पाच-वीस.

अंधारात एक आकृती कुंड्यांपाशी आली. इकडेतिकडे पाहिलं. आणि ओटीत पटापट जास्वंदी तोडून घेतल्या.

केबिनमध्ये स्मशानशांतता. गेले सहा महिने या जास्वंदींवरून दूधवाल्या पोराला सगळ्यांनी बोल लावलेले. आणि पडद्यावर चक्क आजी, त्याच, चिंतनवाल्या. भाचा माझ्या कानात पुटपुटला, "मामा, हा चौथा मुद्दा. भलत्याच खेळाडूला कार्ड." सेक्रेटरींनी घसा साफ केला. म्हणाले, "देवासाठीच नेतात हो. पुढे घ्या."

पुढे घेतलं. गोलच्या वेळेपर्यंत आलो. लाथ बसली. चेंडू रेषेच्या अलीकडे दिसला. पुढच्या चित्रात चेंडू नाहीच! नुसता धुरळा आणि हवेत चप्पल. मागे घेतलं, परत पुढे. अलीकडे, धुरळा. अलीकडे, धुरळा. भाच्याने खिडकीच्या काचेवर बोटाने हिशेब मांडला. आमचा कॅमेरा सेकंदाला दहा चित्रं काढतो. चेंडू ताशी ५४ किलोमीटरने गेला असं धरलं तर सेकंदाला पंधरा मीटर, म्हणजे दोन चित्रांच्या मधल्या फटीत तो दीड मीटर पळतो. "अख्खा गोल त्या फटीत झालाय, मामा. किंवा झालेला नाहीये."

कतारच्या वर्ल्ड कपला स्टेडियमच्या छताखाली बारा कॅमेरे होते, ते प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे एकोणतीस बिंदू सेकंदाला पन्नास वेळा टिपायचे, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला पाचशे वेळा सांगावा धाडायचा. त्यावर स्पर्धेतला पहिलावहिला गोल, इक्वेडोरच्या व्हॅलेन्सियाचा, तिसऱ्याच मिनिटाला ऑफसाइड म्हणून, म्हणजे पास निघाला तेव्हा एक गडी नियमापेक्षा पुढे होता म्हणून, पुसला गेला. आमच्या कॅमेऱ्याला माणसाच्या अंगावरचा एकच बिंदू कळतो, टक्कल. त्यावरून माणूस ओळखायचा.

मला खिडकीतून बाहेरचं दिसत होतं. ज्याने गोल मारला होता तो पोरगा उडी मारायच्या बेतात होता. एक हात वर गेलेला, तोंड उघडं, आणि तसाच केबिनकडे बघत थांबलेला. ओरडायचं की नाही हे आम्ही सतरा जण आतून कळवणार होतो. यंत्र चुकतं की बरोबर सांगतं याच्याशी माझं भांडण नाही. पण घशापर्यंत आलेली आरोळी परवानगी येईपर्यंत गिळून धरायची, हे मात्र मला नाही झेपायचं. शिंकेसारखं आहे ते. थांबवली की जाते ती जाते.

आणि नेमका तेव्हाच घोटाळा झाला. सेक्रेटरींनी मला विचारलं, "तुमचा निर्णय काय होता?" मी म्हटलं, "गोल." पण तोवर धुरळा बघून माझं मत बदललं होतं, म्हणून पुढे म्हटलं, "पण नसावा." अध्यक्ष म्हणाले, "मग बरोबर आहे." आणि कोणीतरी खिडकीतून बाहेर ओरडलं, "काकांचं बरोबर आहे!"

आता बरोबर काय? बी विंगने ऐकलं, गोल बरोबर. ए विंगने ऐकलं, गोल नाही हे बरोबर. दोन्हीकडची पोरं नाचायला लागली. भाच्याचा चेहरा पडला. म्हणाला, "अगदी हेच झालं होतं हो आमचं." मग सतरा माणसांच्या गर्दीत त्याने आपली कैफियत मांडली. ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅमशी सामना, लुईस दियासचा गोल. मैदानावर ऑफसाइड दिला होता. खोलीतल्या रेफरीने बघितलं, तर गडी ऑनसाइड होता. पण त्याची समजूत अशी की मैदानावर गोलच दिलाय, म्हणून त्याने 'तपासणी पूर्ण' कळवलं. म्हणजे चूक कायम! लक्षात येईपर्यंत खेळ सुरू झालेला आणि नियमाने तो थांबवता येईना. लिव्हरपूल हरलं. जगातला तरबेज माणूस, महागडे पडदे, आणि घात केला एका 'बरोबर आहे'ने. मला त्या परक्या माणसाबद्दल एकदम सख्खा भाऊ असावा तशी माया दाटून आली.

ती फार टिकली नाही. वॉचमनदादांनी इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "साहेब, गेटवरच्या कॅमेऱ्यात समोरून दिसंल."

दिसलं. अगदी स्वच्छ दिसलं. लाथ बसते, चेंडू उडतो, सगळं ग्राउंड गोलकडे बघतंय. सगळं म्हणजे कुत्रंसुद्धा. आणि मधोमध रेफरी, गोलकडे पाठ करून, वड्यांच्या ताटापाशी वाकलेला. एका हातात शिट्टी, दुसऱ्या हाताने लसणाची चटणी वड्यात दाबून भरतोय. मागे आरडाओरड होते. तो दचकून वळतो, वड्यासकट हात वर करतो आणि ठामपणे गोल देतो.

भाच्याने ते तीनदा दाखवलं. एकदा सावकाश.

"ढळढळीत चूक," अध्यक्ष म्हणाले.

आम्ही मान खाली घालून बाहेर आलो तेव्हा ग्राउंडवर कोणीच नव्हतं. पोरांनी वाट बघून आपापसांत 'परत घेऊ' म्हणत तोच क्षण पुन्हा खेळला होता, मग नवा खेळ सुरू केला होता, तो संपवलाही होता आणि भूक लागली म्हणून घरी गेली होती. स्कोअर विचारला तर ए विंगची पोरं पाच-चार म्हणाली, बी विंगची सहा-पाच. कप सध्या केबिनमध्ये आहे. वॉचमनदादा त्यात उदबत्त्या ठेवतात.

रात्री मला झोप येईना, म्हणून वाचत बसलो. नॉर्वेत २०२४ च्या जुलैत प्रेक्षकांनी वारच्या निषेधार्थ मैदानात माशांचे वडे फेकून सामना बंद पाडला, हे वाचून थोडं बरं वाटलं. (आमच्याकडे वडा फेकण्याइतका राग अजून कोणाला आलेला नाही.) त्याच वर्षी इंग्लंडमध्ये वार बंद करावं असा प्रस्ताव एका क्लबने मांडला, वीस क्लबांचं मतदान झालं आणि निकाल लागला एकोणीस विरुद्ध एक. तो एक म्हणजे प्रस्ताव मांडणाराच. आमच्या एजीएमला मी लिफ्टचा प्रस्ताव मांडला होता तेव्हाची आकडेवारी साधारण हीच होती.

सकाळी वॉचमनदादांना एकटं गाठून विचारलं, "रेकॉर्डिंग किती दिवस राहतं?" म्हणाले, "पंधरा दिवस. मग आपोआप पुसतंय." मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. आजींनीही दोन दिवसांनी हेच विचारलं म्हणे.

पंधरा दिवस दोघांनी कसेबसे काढले. दहा फेब्रुवारीला मी निश्चिंत मनाने खाली उतरलो, वॉचमनदादांना चहा पाजला. आजीही जिन्यात भेटल्या, प्रसन्न दिसल्या, हातात परडी होती.

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायकोने आतून विचारलं, "अहो, गिझर बंद केलात का?"

"केला की," मी जागेवरूनच म्हटलं.

खिशात मोबाइल वाजला. घरच्या ग्रुपवर तिने काहीतरी पाठवलं होतं. उघडलं तर स्टिकर: गोलकडे पाठ, हातात शिट्टी, चटणीत बोटं. खाली भाच्याने सुबक मराठी अक्षरांत लिहिलं होतं, 'काकांचं बरोबर आहे'.

मी उठलो आणि गिझर बंद केला.